गावात काम करायचंय? मग आधी एक तालुका निवडा

दरवर्षी जूनच्या आसपास माझ्याकडे पंधरा-वीस मुलंमुली येऊन जातात. कुणी नुकतंच एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, झालेलं असतं, कुणी इंजिनिअरिंग करून आयटीत कंटाळलेलं, कुणी स्पर्धा परीक्षेत चार वर्षं घालवून थकलेलं. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच: "मॅडम, समाजासाठी काहीतरी करायचंय." मी विचारते, कुठे? उत्तर येतं, "कुठेही चालेल." नेमकी तिथेच गाडी अडते.

मी सोळा वर्षं हे काम करते आहे. पहिली सात मराठवाड्यातल्या एका तालुक्यात फिल्डवर गेली, पुढची समन्वयक म्हणून. आता माणसं निवडण्याचं कामही माझ्याकडे असतं. येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसायची वेळ आली, म्हणून हे एकदा नीट लिहून काढते आहे.

पहिली पायरी: जागा ठरवा, पद नंतर

महाराष्ट्रात टिकलेली कामं आठवून बघा. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला गेले आणि तिथलेच झाले. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही आरोग्याचं काम करणारी संस्था सुरू केली. मेंढा-लेखा हे गडचिरोलीतलंच एवढंसं गाव, पण देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवले, म्हणून २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावरचा हक्क, मिळाला तेव्हा तो वापरायला गाव तयार होतं. पुण्यात कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ मध्ये उभी राहिली. त्या पायावर पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली आणि घरोघरचा कचरा गोळा करायला लागली. या सगळ्यांचे विषय वेगळे, पण जागा एकदा धरली ती सोडली नाही.

जागा निवडताना भावना बाजूला ठेवून चार गोष्टी बघा. तिथली बोली तुम्हाला कळते का? आजी भरभर बोलायला लागली की अर्धं डोक्यावरून जात असेल तर वर्ष भाषेतच जाईल. मग ते वर्ष हिशेबात धरा. तालुक्याच्या गावी भाड्याने खोली मिळते का? मुलगी असाल, आडनाव अमुक असेल किंवा एकटे राहणार असाल, तर हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. शेवटची एसटी किती वाजता आहे? आणि चौथी गोष्ट, लोक गावात असतात कधी?

ही चौथी गोष्ट माझ्या नाकातोंडात पाणी घालून गेली. बीडच्या बाजूला दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आमच्या प्रकल्पाच्या आराखड्यात 'महिला गट बांधणी' नोव्हेंबर ते फेब्रुवारी अशी मांडलेली होती, कारण आराखडा शहरात बसून झाला होता. गावात गेले तर म्हातारी माणसं, लहान मुलं आणि कुलपं. चार महिने मी कुलपांशी गट बांधत होते.

शहरात काम करायचं असलं तरी हेच लागू. 'मुंबईत काम' असं काही नसतं, गोवंडीत किंवा मालवणीत असतं. एक वॉर्ड, एक वस्ती धरा. पाणी किती वाजता येतं आणि पुरुष कामावरून कधी परततात, एवढं कळायलाच दोन महिने जातात.

दुसरी पायरी: दारं कुठली आहेत ते बघा

नोकऱ्या ढोबळमानाने चार प्रकारच्या असतात. संस्थेच्या प्रकल्पातल्या. सरकारी अभियानांतल्या, म्हणजे 'उमेद' या ग्रामीण बचत गटांच्या अभियानातले प्रभाग समन्वयक, महापालिकांतले समूह संघटक, बालसंरक्षण कक्षातले किंवा एचआयव्ही समुपदेशन केंद्रातले समुपदेशक. यातल्या बहुतेक जागा कंत्राटी असतात, हे जाहिरातीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. तिसऱ्या कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, विभागातल्या. आणि चौथा प्रकार संघटनांचा: तिथे मानधन तुटपुंजं, शिकायला मात्र सगळ्यात जास्त.

सीएसआरबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायद्यातच म्हटलंय. त्यामुळे पैसा पुण्याजवळच्या चाकण-रांजणगावसारख्या कारखान्यांच्या पट्ट्यांभोवती जास्त फिरतो. हिंगोलीत बसून सीएसआरची नोकरी शोधणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

एमएसडब्ल्यू लागतंच का? समुपदेशक, रुग्णालयातला वैद्यकीय समाजसेवक, बालसंरक्षण अशा जागांच्या जाहिरातीत बहुतेकदा ते लिहिलेलं असतं, तसं असेल तिथे पर्याय नाही. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ पासून आहे, तुळजापूरला तिचं ग्रामीण कामासाठीचं आवार आहे. मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था ही जुनी नावं. पण प्रवेश घेताना एकच चौकशी करा: फिल्डवर्क आठवड्यातून किती दिवस, कुठे, आणि त्यावर कोण बसून बोलतं? जिथे फिल्डवर्कच्या डायऱ्या वर्षाअखेरीस एका रात्रीत लिहिल्या जातात अशी कॉलेजं कमी नाहीत. तिथली पदवी घेऊन आलेल्या मुलापेक्षा मला गावातल्या पतसंस्थेत दोन वर्षं काढलेला बीकॉम मुलगा जास्त उपयोगी पडलाय. बीएस्सी ॲग्रीवाल्यांना तर पाणलोट आणि शेतीच्या प्रकल्पांत थेट मागणी असते.

पदवी झाली पण दिशा कळत नाही, अशांनी आधी एखादी फेलोशिप करावी. स्टेट बँकेची 'यूथ फॉर इंडिया' १३ महिन्यांची आहे आणि ती ग्रामीण भागातल्या संस्थांसोबत असते. 'टीच फॉर इंडिया' २ वर्षांची, शहरातल्या शाळांत. मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये सरकार आतून कसं हलतं आणि कसं हलत नाही ते बघायला मिळतं. गडचिरोलीचा 'निर्माण' उपक्रम २००६ पासून चालू आहे. ती नोकरी नव्हे, पण आयुष्याचं काय करायचं या प्रश्नावर तुमच्यासारख्याच मुलांसोबत शिबिरांत बसायला मिळतं. आणि ज्यांच्याकडे पदवी नाही पण वस्तीत काम सुरू आहे, त्यांनी 'कोरो'सारख्या संस्थांचे नेतृत्व विकासाचे कार्यक्रम शोधावेत. तिथे मार्कशीटआधी तुमची वस्ती विचारली जाते.

तिसरी पायरी: नोकरीआधी स्वतःच्याच गावात परीक्षा

राजीनामा देण्याआधी हे करून बघा, खर्च काही नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमाराला ग्रामसभा होतात. स्वतःच्या गावच्या ग्रामसभेत जाऊन मागे बसा आणि फक्त मोजा. किती माणसं आली, त्यात बाया किती, बोललं कोण, इतिवृत्तात कोणाचं बोलणं उतरलं. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तो. ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. अनेक गावांत पहिली सभा भरतच नाही ती का, हे मग आपोआप कळायला लागतं.

घरी येऊन ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा विकास आराखडा काढा. कागदावर झालेलं काम आणि रस्त्यावर दिसणारं काम ताडून बघा. खटकलं तर लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. माहिती अधिकाराचा एक अर्ज करा: १० रुपये शुल्क, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस. त्या ३० दिवसांत गावातून कोण कोण तुमच्या घरी चहाला येऊन जातं ते बघा. तुम्हाला या कामाची मजा येते की नुसता ताप होतो, हे तेवढ्यात समजेल. ताप झाला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. नोकरी टिकवा, महिन्याला एखाद्या संस्थेला पैसे द्या. तेही आम्हाला लागतातच.

चौथी पायरी: पहिले तीन महिने

इथे मी जरा थांबणार आहे, कारण बहुतेकांचं काम याच टप्प्यावर बसतं किंवा फसतं.

नवीन माणूस गावात गेला की पहिल्याच आठवड्यात बैठक लावतो. सरपंचाच्या ओट्यावर सतरंजी, चार खुर्च्या, नारळ. झालं! गावाच्या लेखी तुम्ही त्या पार्टीचे झालात. सरपंचाला भेटायचं नाही असं मी म्हणत नाही. पहिल्या दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन पत्र द्यायचं, ग्रामसेवक भाऊसाहेबांना भेटायचं (कागदावर ते आता ग्रामपंचायत अधिकारी झालेत, बोलताना भाऊसाहेबच), आशाताई, अंगणवाडीताई, मुख्याध्यापक यांना भेटायचं. पण बैठक लावायची नाही. पहिला महिना फिरायचं. पिठाच्या गिरणीवर, दूध संकलन केंद्रावर, हापशावर. वहीत रोज पाच नवी नावं, आणि त्यातली दोन गावकुसाकडच्या वस्तीतली, हा माझा नियम होता. वही लोकांसमोर काढायची नाही, घरी येऊन लिहायचं.

मग नकाशा. पुस्तकात याला सहभागी ग्रामीण मूल्यावलोकन म्हणतात. शिवार फेरी, गाव नकाशा, हंगामी दिनदर्शिका असं सगळं त्यात येतं. एका गावात मी ऐटीत चार्ट पेपर आणि स्केच पेनं घेऊन गेले. पेनं पुरुषांनी घेतली. तासाभरात सुंदर नकाशा तयार: मारुतीचं देऊळ, ग्रामपंचायत, शाळा, डांबरी रस्ता. बाया मागे पदर धरून उभ्या. दुसऱ्या दिवशी दुपारी समाजमंदिरासमोर पुरुष नसताना जमिनीवर रांगोळीने तेच सुरू केलं. कुणी घरातून चिंचोके आणले आणि जी घरं उसाला जातात त्यांवर एकेक चिंचोका ठेवला. एकीने हापशाच्या जागी खडा ठेवला, दुसरीने उचलून फेकला. "तो काय हापसा हाय व्हय? मार्चला कोरडा पडतोय." मग दोघींचं भांडण, मग तिसरी म्हणाली, मार्चनंतर आपण कुणाच्या विहिरीवर जातो ते दाखवा की. रांगोळीची रेघ गावाबाहेर दीड किलोमीटर गेली. अंधारात बसायला जायची जागा, दारूचं घर, शाळा सुटलेल्या पोरींची घरं, हे सगळं या नकाशात आलं. कालच्या नकाशात यातलं एकही नव्हतं.

शिकायचं ते एवढंच: साधन कोणाच्या हातात जातं आणि बैठक कुठल्या वेळी आहे, यावर उत्तरं बदलतात. बायांशी बोलायचं तर दुपारी दोन ते चार किंवा रात्री जेवणं उरकल्यावर. रात्री म्हटलं की मुक्काम आला. मुक्काम एकाच घरी करू नका, नाहीतर तुम्ही त्या घरच्या पाहुण्या होता. आणि कुठल्या घरी चहा पिता हे गाव बघत असतं. एका वस्तीत पाणी घेतलं आणि दुसऱ्या वस्तीत 'नको, आत्ताच झालंय' म्हणालात, तर गावाने तुमची जात आणि भूमिका दोन्ही वाचली. याबद्दल ट्रेनिंगमध्ये कुणी बोलत नाही.

तुमचा विषय आणि गावाचा विषय वेगळा असणार, हेही धरून चला. आरोळे दांपत्य आरोग्याचं काम करायला गेलं आणि समोर दुष्काळ होता, लोकांना आधी पाणी आणि धान्य हवं होतं. कामाची सुरुवात तिथून झाली. जातीजातींची माणसं एकत्र यावीत म्हणून तिथे व्हॉलीबॉलही खेळला गेला, आणि त्या जमण्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली. तुमच्या प्रस्तावात 'व्हॉलीबॉल नेट' या बाबीला पैसे नसतात, ही खरी अडचण. मग ते कुठून आणायचे, ही कला.

सुरुवातीला सगळे 'मॅडम' म्हणतात. 'ताई' कधी म्हणायला लागतील ते सांगता येत नाही. मला एका गावात पाच महिने लागले, शेजारच्या गावात अजून मॅडमच आहे.

पाचवी पायरी: वही आणि पेटी

भाषण करता येणं ही या कामातली सगळ्यात जास्त फुगवलेली गोष्ट आहे. त्यापेक्षा इतिवृत्त लिहायला शिका: कोण आलं, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. मग ते मोठ्याने वाचून दाखवा आणि तिथेच सह्या-अंगठे घ्या. ठराव ग्रामसभेच्या नोंदवहीत उतरल्याशिवाय तो झालाच नाही असं समजा. सातबारा, ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टीच्या आकारणीची नोंद) आणि बँकेचं पासबुक या तीन गोष्टी वाचता आल्याच पाहिजेत. न वाचता येणारे एमएसडब्ल्यू मी बघितलेत.

बचत गटांत पंचसूत्री असते: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. पहिली चार सूत्रं बाया सांभाळतात, पाचवं कार्यकर्तीवर ढकलतात, आणि आपणही पटकन करून टाकतो. करू नका. एका गटात महिन्याचा हिशेब चाळीस रुपयांनी कमी भरत होता. रात्रीचे साडेनऊ झाले होते. मी पर्स उघडली, तर सचिव असलेल्या बाईने माझा हात बाजूला केला आणि न आलेल्या दोघींना घरून त्यांच्या पासबुकासकट बोलावून आणलं. चूक सापडायला दहा वाजले. एकीचा हप्ता मागच्या महिन्याच्या रकान्यात पडला होता. त्यानंतर त्या गटाने मला हिशेबाला कधी बोलावलं नाही.

पैशाच्या पेटीला आम्ही तीन कुलपं लावायला सांगायचो आणि तीन चाव्या तिघींकडे. कार्यकर्तीकडे एकही चावी नाही, बँकेच्या सहीत तिचं नाव नाही, कुणाचं एटीएम कार्ड तिच्या पर्समध्ये नाही. कितीही गळ घातली तरी.

सहावी पायरी: पगाराबद्दल न लाजता बोला

माझ्या पाहण्यात आज तालुक्याच्या पातळीवर फिल्डवरच्या माणसाला बारा ते अठरा हजार मिळतात, समन्वयकाला बावीस ते पस्तीस. शहरातल्या सीएसआरमध्ये आकडे चढे असतात. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी चालवायची असेल तर पेट्रोल वेगळं आहे की पगारातच, यावर महिना तरतो किंवा बुडतो.

मुलाखतीत 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं म्हणतात तेव्हा मुलं मान हलवतात. विचारा! हा प्रकल्प किती महिन्यांचा आहे आणि निधी देणारे एकच आहेत का? पैसे उशिरा आले तर पगाराचं काय होतं? पीएफ कापता का? (वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर संस्थेलाही तो कायदा लागू होतो, 'आम्ही एनजीओ आहोत' हे उत्तर नव्हे.) लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती आहे का, तिच्यावर कोण आहे? दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी ती २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. रात्रीच्या बैठकीनंतर मुक्कामाची सोय कोण करतं? या प्रश्नांवर समोरचा चिडला तर पगारवाढीवर आणि सुट्टीवरही चिडणार. मी एकदा हे न विचारता रुजू झाले आणि चार महिने 'निधी आला की देऊ' यावर काढले. भावाकडून पैसे घेऊन खोलीभाडं भरलं.

संस्थांचीही अडचण समजून घ्या. २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल झाला, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि मोठ्या संस्थेने आलेला परदेशी निधी छोट्या संस्थेला देणं बंद झालं. तालुक्याच्या अनेक छोट्या संस्था त्यावरच चालत होत्या. म्हणून तुमच्या हातात सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा, हा सल्ला मी सगळ्यांना देते आणि कुणीच पाळत नाही.

इंग्रजीचंही इथेच सांगते. फिल्डवर ते लागत नाही, पण समन्वयक होताना लागतं, कारण प्रस्ताव आणि अहवाल बहुतेक इंग्रजीत जातात. फिल्डवर उत्तम काम करणारी कितीतरी मुलं याच उंबऱ्यावर अडतात आणि शहरातून आलेलं कुणीतरी त्यांचं साहेब होतं. याचा मला राग आहे. राग ठेवून रोज एक पान अहवाल लिहायला शिका, आधी मराठीत स्वच्छ, मग इंग्रजीत. सोबत एक्सेलही शिका.

सातवी पायरी: स्वतःची संस्था? थांबा

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हा किडा चावतो. सात माणसं जमवून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करता येते, महाराष्ट्रात सोबत सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातही. दुसरा रस्ता कंपनी कायद्याच्या कलम ८ चा. नोंदणीपर्यंत फार अवघड नाही. त्यानंतर दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलले की बदल अर्ज, आयकर सवलतीसाठीच्या नोंदी. तुमचा आठवड्यातला दीड दिवस कागदात जाणार आणि फिल्ड सुटणार. तुमच्या मामेभावाला आणि कॉलेजच्या मित्राला विश्वस्त करून काढलेली संस्था तिसऱ्या वर्षी भांडणात जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आधी पाच वर्षं दुसऱ्याच्या छत्रीखाली काढा. गावाला नवी संस्था हवी असेल तर गाव सांगेल.

शेवटची पायरी: गाव सोडताना

प्रकल्प संपतो, बदली होते, लग्न होतं, मूल होतं. गाव सोडावं लागतं. त्याची तयारी पहिल्या वर्षापासून करा. तीन महिने आधी लोकांना तुम्ही स्वतः सांगा, संस्थेच्या पत्रावर सोडू नका. प्रत्येक गटाच्या वह्या कुणाकडे आहेत त्याची यादी करून गावातच ठेवा. नव्या कार्यकर्त्याला सोबत घेऊन एकदा सगळ्या घरी जा, तुमच्या नावाने नको, त्याच्या नावाने ओळख करून द्या. आणि मग खरंच बाजूला व्हा. महिन्या-महिन्याने जाऊन 'कसं चाललंय' बघितलं की नव्याचे पाय रोवत नाहीत.

फोन येत राहतात, ते घ्यावेत. मला तालुका सोडून दोन वर्षं झाल्यावर एका संध्याकाळी त्या चाळीस रुपयांच्या गटातल्या अध्यक्षबाईंचा फोन आला. आधी पोराचं लग्न ठरल्याचं सांगितलं, मग पावसाचं, मग जरा थांबून म्हणाल्या, "ताई, पेटीची तिसरी चावी तुमच्याकडं तर ऱ्हायली नाही ना?" मी म्हटलं, छे, माझ्याकडे कशी असेल. फोन ठेवला आणि जुन्या झोळीचा बाहेरचा कप्पा उघडला.